तसराळ्यातलं पाणी

मित्रांनो, पाहुणे आले की काही भांडी पुढे मांडतात आणि काही चटकन आत सरकवतात. मी आत सरकवलं जाणारं भांडं आहे. तामचिनीचं जुनं, पसरट तोंडाचं तसराळं. अंग पांढरं, काठ निळा. काठाचे टवके उडाले आहेत आणि बुडाशी एक काळा डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या गोल चकतीला साच्यात दाबून मला खोली दिली, पांढऱ्या लेपात बुचकळलं आणि भट्टीत ढकललं. मग एका बाईने माझ्या काठावर निळी रेघ ओढली आणि मला पुन्हा एकदा भट्टी दाखवली. बाहेर आले तेव्हा अंगावर काचेसारखी चकाकी होती. दुकानाच्या फळीवर बसून मी स्वप्नं पाहत असे की कुणीतरी मला घरी नेईल, माझ्यात फळं रचेल आणि टेबलावर मधोमध ठेवेल.

मला नेलं एका सुईणीने. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, बोटाने टकटक वाजवलं आणि दुकानदाराला विचारलं, ‘उकळत्या पाण्यात टिकेल ना हे?’

‘मावशी, आगीतूनच आलंय ते,’ दुकानदार म्हणाला.

‘मग चालेल,’ ती म्हणाली. ‘माझी कामं तशीच असतात.’

तिला सगळे मावशीच म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही मावशी म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. तिच्या पिशवीत कात्री, दोरा, साबण, घडी घातलेली पांढरी फडकी आणि सगळ्यांत वर मी. कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी उकळायला लावायची. ते माझ्यात ओतून थोडं निवू द्यायची, मग दोन्ही हात माझ्यावर धरून डोळे मिटायची. ‘प्रभू येशू, आता हे हात तुझे. थरथरू देऊ नकोस.’ एवढीच तिची प्रार्थना. त्यानंतर साबण, थेट कोपरापर्यंत. माझ्या पाण्यात किती बाळांची पहिली आंघोळ झाली, ते मी मोजलं नाही. फळांची स्वप्नं मात्र मी लवकरच विसरले.

चर्चमध्ये मावशी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, कारण बोलावणं कधी येईल याचा नेम नसे. उपदेशाचा शेवट तिने क्वचितच ऐकला असेल. तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब गमतीने म्हणत, ‘मावशींच्या आत्म्याचं तारण निम्मंच झालंय.’ ती म्हणे, ‘राहिलेलं निम्मं बाळंतिणीच्या खोलीत होतं, साहेब.’

त्या चर्चमध्ये बायका फरशी पुसत, फुलं लावत, वेदीवरची पांढरी चादर धुऊन इस्त्री करत आणि सुरेल गात. चर्चचा कारभार पाहणारे पंच म्हणून मात्र पुरुषच बसत. बायबलमधलं वचन पुरुष वाचत आणि बाप्तिस्म्यांची नोंदवहीही त्यांच्याच हाती असे. कुणी दुष्ट होतं असं नाही. असंच चालत आलं होतं आणि असंच चालायचं, असं सगळे धरून चालत. पंचांचे प्रमुख होते वखारवाले. त्यांची लाकडाची वखार होती. माणूस सचोटीचा, शब्दाचा पक्का, पण फळी कापावी तसं बोलायचे. एकदा रेघ मारली की मारली.

आता मी तुम्हाला त्या दुपारबद्दल सांगते.

बेकरीवाल्याच्या बायकोला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप. त्यांची खोली बेकरीच्या वर होती. खाली भट्टी पेटलेली असल्यामुळे फरशी पायांना गरम लागत होती. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठाने माखलेला तसाच वर आला होता आणि दाराशी उभा होता.

मुलगी झाली. इतकी लहान की माझ्यात आरामात मावली असती. मावशीने तिला चोळलं, ऊब दिली, तिच्या तोंडात हळूहळू फुंकर घातली. बराच वेळ हे चाललं होतं. श्वास यायचा आणि थांबायचा. पुन्हा यायचा.

‘मावशी,’ आई म्हणाली, ‘हिला पाणी घाला. हिला नाव घेऊन जाऊ दे.’

‘पाळकसाहेब नदीपलीकडे गेलेत,’ बेकरीवाला म्हणाला. ‘उद्या संध्याकाळी येतील.’

‘ही उद्यापर्यंत थांबेल का? मावशी, खरं सांगा.’

मावशीने तिच्याकडे सरळ पाहिलं. ‘नाही, बाळा.’

बाप्तिस्म्याचं पाणी पाळकांनीच घालायचं, असा नियम होता. पंच काय म्हणतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने मला रिकामं केलं, उकळत्या पाण्याने दोनदा विसळलं आणि नवं पाणी घातलं. त्यात थोडं गार पाणी मिसळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. बाप्तिस्म्याचं पाणी कुणी कोमट करतं का, मला माहीत नाही. तिने केलं, कारण बाळ दचकायला नको होतं.

आईने नाव सांगितलं. मावशीने बोटांनी तीन वेळा पाणी घेतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्या चिमुकल्या कपाळावर सोडलं. मुलीने जांभई द्यावी तसं तोंड उघडलं. मग तिला आईच्या छातीवर ठेवलं. खाली भट्टीतले पाव काढायला कुणी नव्हतं. जळका वास वर आला, तेव्हा ती गेली होती.

मित्रांनो, त्या गावच्या कब्रस्तानाला एक ठेंगणी भिंत होती. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांना त्या भिंतीबाहेर, काटेरी झुडपांमध्ये पुरत. तिथे दगड लावायचा नाही, नाव लिहायचं नाही. बेकरीवाला जागा मागायला गेला, तेव्हा वखारवाले म्हणाले, ‘भिंतीबाहेर.’ तो हटून बसला. म्हणून पाळकसाहेब परत आल्यावर चर्चमागच्या खोलीत पंचांची बैठक बसली. मावशीला निरोप गेला. येताना ते भांडंही आणा.

खोलीत पाच पंच होते आणि पाळकसाहेब होते. हे पाळकसाहेब नवे आणि तरुण. चर्चमधलं त्यांचं पहिलंच वर्ष होतं. बेकरीवाला भिंतीला टेकून उभा होता. मावशीने मला टेबलावर ठेवलं.

‘हेच का ते?’ वखारवाल्यांनी विचारलं. मला बोट लागू नये म्हणून त्यांनी हात मागे घेतला होता.

‘हेच.’

‘एरवी यात काय करता?’

‘हात धुते. बाळांना धुते. रक्ताची फडकी भिजत घालते.’

एका पंचाने नाक मुरडलं. वखारवाले म्हणाले, ‘आणि त्यातच बाप्तिस्म्याचं पाणी?’

‘भांडं उकळत्या पाण्याने धुतलं होतं, साहेब,’ मावशी म्हणाली. ‘आपल्या प्रभूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवलं. ती कुणी धुतली होती की नाही, देव जाणे.’

पाळकसाहेबांना एकदम खोकला आला आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. वखारवाल्यांना हसू आलं नाही. ‘मावशी, प्रश्न भांड्याचा नाही, अधिकाराचा आहे. बाईला हा अधिकार कुणी दिला?’

‘मी कुठे मागितला होता? मूल जात होतं आणि तिथे मी होते. मला विचाराल तर मला बाप्तिस्मा द्यायचा नव्हताच. मला ती मुलगी जगायला हवी होती.’

पाळकसाहेब चाचरत म्हणाले, ‘तसं पाहिलं तर... प्राणावर बेतलं असेल, तर कोणत्याही विश्वासणाऱ्याने पाणी घातलेलं चालतं, असं काही ठिकाणी मानतात.’

‘काही ठिकाणी मानत असतील. आपल्याकडे नाही,’ वखारवाले म्हणाले. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. वखारवाल्यांनी टेबलावर तळहात ठेवला. ‘मग ठरलं. हा बाप्तिस्मा नव्हे. आपल्या मंडळीत असं पूर्वी कधी झालेलं नाही आणि पुढेही होणार नाही.’

मला त्या वेळी तोंड असतं, तर मी ओरडले असते. असं पूर्वी झालेलं होतं! एकोणीस वर्षांपूर्वी, वखारवाल्यांच्याच घरी. ते लाकूड आणायला दूर गेले होते आणि इकडे त्यांचा पहिला मुलगा तासाभरात गेला. त्यांच्या बायकोने हात जोडले आणि मावशीने माझ्यातलंच पाणी घातलं. म्हातारे पाळकसाहेब धावत आले, तेव्हा सगळं संपलं होतं. मावशी त्यांना म्हणाली, ‘पाणी घातलंय.’ त्यांनी मान हलवली, पुढे एक शब्द विचारला नाही आणि वहीत स्वतःच्या हस्ते म्हणून नोंद केली. ते बाळ भिंतीच्या आत आहे. कुणालाही सांगणार नाही, असं मावशीने त्या आईला वचन दिलं होतं.

आता ते वचन मोडलं असतं तर ती सुटली असती. मी तिच्याकडे पाहत होते. ती फरशीकडे पाहत होती.

‘झालेलं आहे,’ दारातून आवाज आला.

दारात वखारवाल्यांची बायको उभी होती. हातात ओलं फडकं.

‘तू इथे काय करतेस?’ वखारवाले म्हणाले.

‘चर्चच्या काचा पुसत होते. इथलं सगळं तिकडे ऐकू येतं.’ ती आत आली. असल्या बैठकीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. ‘आपल्या पहिल्याला मावशींनीच पाणी घातलं. याच तसराळ्यातून.’

‘काहीतरी बोलू नकोस. पाळकसाहेब आले होते.’

‘आले तेव्हा तो गार झाला होता.’ तिने ओलं फडकं टेबलावर ठेवलं. ‘मावशींच्या पाण्याला अर्थ नसेल, तर चला आपण दोघं. आपल्या बाळाला भिंतीच्या आतून काढू आणि बाहेर ठेवू. कुदळ मी घेते.’

वखारवाल्यांचा हात टेबलावर तसाच होता, पण त्यातला जोर गेला होता.

‘एकोणीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस,’ शेवटी ते म्हणाले.

‘एकोणीस वर्षं तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत.’

ते मावशीकडे वळले. ‘तुम्ही तरी मघाशी बोलायचं होतंत. सुटला असतात.’

‘ती वहिनींची गोष्ट होती, साहेब,’ मावशी म्हणाली. ‘माझी नव्हती.’

तेव्हा पाळकसाहेब उठले. त्यांनी कुणाकडे न पाहता कपाटातून नोंदवही काढली, पान उघडलं आणि मुलीचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. ‘कोणाच्या हस्ते’ या रकान्याशी येऊन त्यांचा पेन थांबला.

‘मावशी, तुमचं नाव?’

‘मावशीच लिहा की.’

‘इथे खरं नाव लागतं.’ त्यांनी पंचांकडे पाहिलं. पाच जण होते. त्यांतल्या तिघांची मुलं तिच्या हातावर झाली होती. पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं.

तिने नाव सांगितलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसल्यामुळे तिने ते इतक्या हळू सांगितलं, की पाळकसाहेबांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मुलीला भिंतीच्या आत जागा मिळाली. तिची पेटी वखारवाल्यांनी चांगल्या वाळलेल्या लाकडाची, स्वतः रंधा मारून केली. पेटी देताना ते मावशीशी काहीच बोलले नाहीत, पुढेही वर्षभर बोलले नाहीत. पण दर रविवारी उपासना सुटल्यावर ते बायकोबरोबर एका लहान दगडाशी जाऊन उभे राहू लागले.

सगळं एका दिवसात गोड झालं, असं समजू नका. एका पंचाने रागावून चर्चच सोडलं. दोन घरांनी मावशीला बोलावणं बंद केलं. तिने कुणाला दोष दिला नाही आणि आपली पिशवीही खाली ठेवली नाही. चार वर्षांनी पंचांमध्ये पहिल्यांदा एक बाई निवडून आली. ती म्हणजे वखारवाल्यांची बायको. पहिल्याच बैठकीत एकाने तिला सवयीने विचारलं, ‘वहिनी, चहाचं बघताय ना?’ ती म्हणाली, ‘हो, माझ्यात साखर दोन चमचे.’ तेव्हापासून चहा पाळीपाळीने होऊ लागला. पुरुषांच्या पाळीचा चहा फारसा बरा नसतो, असं ऐकते.

पुढे दवाखाना झाला, चकचकीत स्टीलची भांडी आली आणि मावशीचे हातही थकले. मी तिच्या भाचीच्या अंगणात जाऊन पडले. कधी माझ्यात कपड्यांचे चिमटे असत, कधी पावसाचं साचलेलं पाणी. टवके उडाले तिथे गंज चढला. मला कुणी विचारीना. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एकदा पाळकसाहेब मावशीला भेटायला आले. आता त्यांचेही केस पिकले होते. ते म्हणाले, ‘मावशी, हे तसराळं चर्चमध्ये काचेच्या कपाटात ठेवू या. लोकांना आठवण राहील.’

‘नको,’ मावशी म्हणाली. ‘कपाटात ठेवलं की लोक नुसतं बघतात. त्याला कामात ठेवा.’

म्हणून मी आज चर्चच्या मोरीत असते. शनिवारी फरशी पुसायची फडकी माझ्यात पिळतात. पिळणाऱ्यांत आता दोघेतिघे पुरुषही असतात. मावशी जाऊन सहा वर्षं झाली.

मित्रांनो, जुनी भांडी फेकू नका, घासूनपुसून वापरा, एवढं तर मी सांगेनच. भांडी नाही म्हटलं तरी टिकतात. माणसं आपलं काम करून निघून जातात आणि मागे नुसतं मावशी, वहिनी, बाई एवढंच उरतं. म्हणून आज घरी गेलात की विचारा, तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा हातात कुणी घेतलं. ‘होत्या एक बाई’ असं उत्तर मिळालं, तर तिथे थांबू नका. त्यांचं नाव विचारा.