बोक्याची बायको

बोका सकाळी उठला की आधी चष्मा शोधतो आणि तो शोधण्यासाठी आधी दुसरा चष्मा शोधतो. दाढी करताना शिट्टी वाजवतो, पण डाव्या गालापाशी आला की गप्प होतो, कारण तिथे एक तीळ आहे आणि तो आजवर बऱ्याचदा कापून झालाय. वर्तमानपत्र आतल्या पानापासून वाचतो. टोस्टच्या करपलेल्या कडा तेवढ्या खातो. बाहेर पडताना दारात उभा राहून चारही खिसे चाचपतो, क्षणभर थांबतो आणि मगच बाहेर पाऊल टाकतो. मग दिवसभरात एखादा खुनी पकडतो आणि येताना बटाटे आणतो.

हा माझा गुप्तहेर. माझ्या आठही कादंबऱ्यांचा नायक. गुन्हे शाखेत त्याला बोका म्हणतात, कारण तो कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे अर्धे मिटून बसलेला असतो आणि लोकांना वाटतं, झोपलाय. खून कसे करायचे ते माझं मी बघते. त्या बाबतीत मी कुणाची उसनवारी केलेली नाही. पण खून सोडून बाकीचा बोका मी थेट घरातून उचललेला आहे.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. समोरच्याच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "असं बरं, की असं?" इतकी वर्षं हेच विचारल्यामुळे ते घरीही असंच बोलतात. भाजीत मीठ किती, पडदा कुठला, रागावलीस की दमलीस, सगळं "असं बरं, की असं?" बोका संशयितांची चौकशी अशीच करतो. आधी घडलेल्या प्रकाराची एक हकीकत सांगतो, मग थोडी बदलून दुसरी सांगतो आणि शांतपणे विचारतो, "असं बरं, की असं?" भलेभले खुनी तिथे घाम पुसायला लागतात. वाचकांना हे फार आवडतं. समीक्षकांनी तर त्याला बोक्याची पद्धत असं नावही देऊन टाकलंय.

ह्यांनी माझी एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही. "तुझा खून पाचव्या पानावर होतो," ते म्हणतात, "आणि मला तिसऱ्या पानावर झोप लागते. त्यामुळे माझ्या लेखी तुझ्या पुस्तकांत आजवर कोणीच मेलेलं नाही." आता यावर भांडायचं तरी कसं?

सगळं सुरळीत चाललं होतं आणि बोक्यावर मालिका काढायचं ठरलं. मी हवेत होते. मग एके दिवशी दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला आणि मी धाडकन जमिनीवर आले.

"मॅडम, बोका एकदम झकास," तो म्हणाला. "फक्त एक छोटीशी गोष्ट. त्याची बायको आपण काढतोय."

"काढताय म्हणजे?"

"म्हणजे नाहीच ठेवत. एकटा माणूस जरा गूढ वाटतो. घरी बायको असली की गुप्तहेर कसा... नवऱ्यासारखा दिसायला लागतो."

"तो नवराच आहे," मी म्हणाले.

"या आठवड्यात कळवा. तुमच्या परवानगीशिवाय काही करणार नाही," असं गोड आवाजात म्हणून त्याने फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोका जर हे असतील, तर बोक्याची बायको कोण, हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. म्हणजे हा परका माणूस मला फोन करून माझ्याच घरातून मला बाहेर काढायची परवानगी मागत होता. नाही म्हणावं तर मालिका हातची जाणार. हो म्हणावं तर तोंडाची चव जाणार. त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. ते उशीवर डोकं ठेवता ठेवता म्हणाले, "मालिका बरी, की बायको बरी?" आणि उत्तर यायच्या आत घोरायला लागले.

त्यातच बोक्याचं काम करणारा नट आमच्याकडे येऊन थडकला. पस्तिशीचा, अंगापिंडाने भरलेला, अतिशय गोड बोलणारा. त्याला म्हणे बोका रोजचं आयुष्य कसा जगतो ते बघायचं होतं. मारामारी वगैरे त्याला येत होती, चहा कसा पितो ते येत नव्हतं. मी रागात होते, पण तो दारात चपला काढून इतक्या अदबीने उभा राहिला की मला दार लावून घेता येईना. शेवटी मी ह्यांच्याकडे बोट दाखवून सांगून टाकलं, "बोका तो तिथे बसलाय. बघा काय बघायचं ते."

"मी?" हे दचकून म्हणाले. "मी कधी कोणाला पकडलं?"

पहिला दिवस अक्षरशः वाया गेला. आपल्याला कोणीतरी बघतंय म्हटल्यावर ह्यांनी सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवला, केसांना पाणी लावलं आणि केळं सुरीने कापून काट्याने खाल्लं. आवाजही बदलला. "जरा साखर देतेस का?" असं ते मला इतक्या भारदस्तपणे म्हणाले की मी वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. नट बिचारा गुपचूप बघत होता. संध्याकाळी मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, तुम्ही नेहमीसारखे का वागत नाही?"

"नेहमीसारखं म्हणजे कसं?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मला आठवेचना मी कसा वागतो ते!"

दुसऱ्या दिवशी मात्र चष्मा सापडला नाही आणि सगळं रुळावर आलं. हे फक्त बनियनवर घरभर फिरू लागले, मला, नटाला आणि फ्रिजला चष्म्याबद्दल विचारू लागले. तो त्यांच्या डोक्यावर होता. नटाने तो पाहिला होता, पण जातिवंत नट असल्यामुळे तो काही बोलला नाही.

मग हे वर्तमानपत्र घेऊन बसले. नटाच्या मांडीवर माझी पहिली कादंबरी उघडी होती. त्याने मोठ्याने वाचलं, "'बोका नेहमी आतल्या पानापासून सुरुवात करी. खरा गुन्हेगार पहिल्या पानावर कधीच नसतो, हे त्याला ठाऊक होतं.' वा! काका, खरंच असं आहे?"

"पहिलं पान हिच्याकडे असतं," हे म्हणाले.

नटाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पहिलं पान होतं. इतकी वर्षं रोज सकाळी असतंच. मी ते जरा खाली घेतलं.

"आणि टोस्टच्या कडा?" त्याने विचारलं. "इथे लिहिलंय, 'बोक्याला मऊ गोष्टींचा मोह नव्हता.'"

हे काही बोललेच नाहीत, कारण त्यांच्या तोंडात कड होती. मधला मऊ भाग माझ्या ताटलीत होता. लग्न झाल्यापासून तो माझ्याच ताटलीत येतोय आणि मी तो खात खात बोक्याच्या वैराग्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मी आत जाऊन उगाचच भांडी आवरली.

दुपारी हे दुकानात गेले. मी माझ्या खोलीत लिहायला बसले, म्हणजे टेबलापाशी बसून दिग्दर्शकाला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत बसले. बाहेरच्या खोलीत नटाची तालीम चालली होती, दारातून बाहेर पडण्याची. मला दिसत काहीच नव्हतं, नुसते आवाज येत होते. पावलं. खिसे चाचपल्याचे थप, थप, थप, थप. मग शांतता. मग "छे!" असं काहीतरी पुटपुटणं आणि पुन्हा पहिल्यापासून. थप, थप, थप, थप. शांतता. छे. त्याला ते थांबणं जमत नव्हतं. पुस्तकात मी लिहिलंय की बोका त्या क्षणी बाहेरच्या धोक्याचा वास घेतो. बिचारा पठ्ठ्या बहुतेक नाक उंच करून जिन्याचा वास घेत असावा.

मी कागद पुढे ओढला. दोन ओळी लिहिल्याही. बाहेर पुन्हा थप, थप, थप, थप. शांतता.

"किल्ली घेतलीत का?" मी म्हणाले.

"घेतली," बाहेरून आवाज आला. मग दार उघडून नीट लागलं. मी तिसरी ओळ लिहायला घेतली.

ती ओळ अर्ध्यावर आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे तर दुकानात आहेत. तोवर नट धावत आत आला होता, तोंडभर हसू. "काकू! जमलं! तुम्ही पाहिलंत? नाही, तुम्ही आत होता. पण जमलं! तो वासबीस काही घेत नाही हो. वाट बघतो. तुम्ही विचारायची वाट बघतो!"

"मी काही विचारलं?"

"किल्लीचं विचारलंत ना. रोज विचारता?"

मला आठवेचना. रोज श्वास घेता का, असं विचारल्यासारखं झालं ते. "असेन विचारत," मी म्हणाले.

"मग हे वाक्य पुस्तकात का नाही?"

"ते काय वाक्य आहे? ते नुसतं बोलणं आहे."

तो समोर बसला आणि जरा चाचरत म्हणाला, "काकू, रागावू नका. आठही पुस्तकं वाचलीत मी. बायकोचा एकही संवाद नाही त्यांत."

मी अर्थातच रागावले. मी उठून कपाटातून आठही पुस्तकं काढली आणि त्याच्यासमोर चाळायला बसले, त्याला खोटं पाडायला. बोक्याची बायको झोपली होती. बोक्याची बायको बहिणीकडे गेली होती. बोक्याची बायको आत होती. बोक्याची बायको आत होती. एका ठिकाणी ती हसली होती, पण तेही न बोलता. ज्या बाईसाठी मी दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडत होते, तिला मी स्वतःच तोंड उघडू दिलं नव्हतं. आठ पुस्तकं ती आतल्या खोलीत मूग गिळून बसली होती. त्या माणसाने काढली ती मी लिहिलेली बायको. ती माझ्यासारखी बोलणारी असती तर तिला काढण्याची त्याची काय टाप होती?

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण नटाच्या अंगात वारं शिरलं होतं. त्याने तिथल्या तिथे दिग्दर्शकाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाहेरच्या खोलीतल्या फुलदाणीला टेकवून ठेवला. मी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. "सर, नुसतं बघा," तो म्हणाला आणि दाराकडे चालत गेला. खिसे चाचपले, थांबला, वास घेतला, बाहेर पडला. आत येऊन पुन्हा चालत गेला. खिसे चाचपले. थांबला. या वेळी त्याची मान किंचित आतल्या बाजूला कलली. अगदी ह्यांच्यासारखी.

"किल्ली घेतलीत का?" मी आतून म्हणाले.

"घेतली." त्याचे खांदे सैल झाले आणि तो बाहेर पडला. काही झालं तरी संध्याकाळी परत येणार असलेला माणूस जसा बाहेर पडतो, तसा.

मग तो फोनसमोर येऊन बसला, डोळे अर्धे मिटले आणि शांतपणे म्हणाला, "सर, असं बरं, की असं?"

मी पुढे होऊन पडद्यावर दिग्दर्शकाकडे नीट पाहिलं. खरंच, त्याने कपाळ पुसलं.

"दुसरं," तो म्हणाला. "मॅडम आहेत का तिथे? मॅडम, बायको राहतेय. पण तिच्यासाठी संवाद लिहून द्यावे लागतील तुम्हाला."

"देते," मी म्हणाले. "भरपूर देते."

माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी हे बटाटे घेऊन आले आणि नट त्यांच्या पाया पडू लागला. ह्यांना वाटलं त्याचं काही पडलंय, म्हणून तेही खाली वाकून शोधू लागले. जाताना नट डबाभर खाऊ घेऊन गेला आणि चष्म्याचा नंबरही ह्यांच्याकडून तपासून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पुन्हा आम्ही दोघंच. हे निघाले. मी टेबलापाशी, समोर नववी कादंबरी, कोरी. बाहेरून आवाज आला. थप, थप, थप, थप.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. मला बघायचंच होतं. आपण माझ्या विचारण्याची वाट बघतो हे त्यांना ठाऊक आहे, की नुसतीच सवय आहे?

शांतता. मग पुन्हा थप, थप, थप, थप, जरा जोरात. मग खाकरणं. मी पेन दाताखाली धरलं.

"अगं," बाहेरून आवाज आला.

"काय?"

"विचार की."

"काय विचारू?"

"रोजचं."

"किल्ली खिशात आहे, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"आहे ना. आत्ताच हात लावला."

"मग मी कशाला विचारायचं?"

बाहेर थोडा विचार झाला. "तू विचारलंस की निघाल्यासारखं वाटतं," हे म्हणाले. "एरवी नुसता दाराबाहेर पडतो."

माझे डोळे भरून आले. पुस्तकांत बारा माणसं मारूनही मला कधी रडू आलं नव्हतं.

"अहो," मी म्हणाले, "किल्ली घेतलीत का?"

"घेतली," ते म्हणाले. "येताना बटाटे आणू?"

"कालचेच पडलेत. कांदे आणा."

दार लागलं. मी कागद पुढे ओढला आणि बोक्याच्या बायकोचं पहिलं वाक्य लिहिलं.