होळाई

तृप्तीची वैद्यबाई मेली त्याला आठवडा झाला होता. पूल कोसळताना तिने विकीच्या पहिलवानाला काठावर ढकललं आणि स्वतः खाली गेली. गेली ती खेळातच, पण त्या रविवारी बावधनहून उरवड्याला परतताना तृप्तीने भूगावात स्कूटर कडेला घेऊन डोळे पुसले होते. दोन वर्षं सांभाळलेलं माणूस होतं ते.

खेळ असा, की सिद्धांत गोष्ट सांगायचा आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. राक्षस, किल्ले, जादू, सगळं टेबलाभोवती बसून, तोंडी. कुणी तलवार उचलली, कुणी उडी मारली, की पुढचं फासे ठरवायचे. तृप्ती उरवड्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायची. आठवडाभर पुठ्ठ्याची खोकी बघून झाली, की रविवारी दुपारी सिद्धांतच्या फ्लॅटवर ती राजवाडे बघायची.

शुक्रवारी ग्रुपवर सिद्धांतने फोटो टाकला. खेळाचं नवं पुस्तक आलं होतं, सगळं नव्या पात्रांचं. मुखपृष्ठावर एक बैल होता आणि त्याच्या शिंगांतून वीज सांडत होती. तृप्ती तेव्हा कॅन्टीनमध्ये जेवत होती. तिचा घास हातातच राहिला. शेजारच्या सुलक्षणाने घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, तेव्हा कुठे ती भानावर आली.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. सिद्धांत नुकताच आंघोळ करून आला होता. त्याने पाणी विचारलं, तिने पुस्तक मागितलं.

पुस्तक इंग्रजीत होतं. एखादा शब्द अडला की ती फोनला विचारायची आणि पुढे सरकायची. सावली उसनी घेणारा चोर होता. अंगावर मधमाश्यांचं मोहोळ वागवणारी राणी होती. दगडांना जुन्या गोष्टी विचारणारा म्हातारा होता. प्रत्येक पानावर तिला वाटायचं, हेच घ्यावं, आणि पुढचं पान उलटलं की आधीचं फिकं पडायचं. लहानपणी जत्रेत काय घेऊ नि काय नको व्हायचं, तसं झालं होतं तिला.

मग ते पान आलं. डोंगर पेटलेला आणि त्याच्यापुढे एक बाई उभी. तिच्या केसांना आग लागलेली होती, तरी ती शांत होती. वणवा अंगात घेऊन फिरणारी बाई. तिचा नियम सोपा होता. प्रत्येक खेपेला फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढी आग चढते. दहापर्यंत आग तिची. दहाच्या वर गेली, की मग ती कुणाचीच नाही.

तृप्तीने ते पुन्हा वाचलं. उरवड्यामागचा डोंगर उन्हाळ्यात पेटायचा, तेव्हा घरातले सगळे बादल्या घेऊन पळायचे आणि ती परसात खिळून उभी राहायची. भीती वाटायची, पण नजर हलायची नाही. त्याबद्दल आईचं बोलणंही खाल्लं होतं तिने.

तेवढ्यात प्रियदर्शिनी आणि विकी आले. प्रियदर्शिनी पौडला वकिली करायची, विकीचा मारुंजीत टेम्पो होता. तृप्तीने काय निवडलंय ते सिद्धांतने सांगितलं, पण ते दोघांनाही पटलं नाही. त्यांचंही चुकत नव्हतं. पुढे हिमराजाची खिंड होती आणि जखमा भरणारं कुणीच उरलं नव्हतं. प्रियदर्शिनीने मायेनेच पुस्तकातली एक नवी वैद्यीण शोधून दाखवली, नदीच्या पाण्याने बरं करणारी. तुला शोभेल, म्हणाली.

तृप्तीच्या ओठांवर ‘चालेल’ आलं होतं. कुणाला पाळी बदलून हवी असली की चालेल, पाहुणे आले तर रजा टाक म्हटलं की चालेल. तो शब्द तिच्या तोंडात बसलेलाच होता.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला हीच पायजे.”

“आन आमाला लागलं तर?” विकीने विचारलं.

“लागू देऊ नका.”

 विकीने हसून खुर्ची ओढली.

तिने बाईचं नाव होळाई ठेवलं आणि खेळ सुरू झाला. खिंडीच्या तोंडाशी बर्फाचा राक्षस उभा होता, घराएवढा, आणि त्याच्यापुढे हिमराजाचे बर्फाचे सैनिक. पहिल्या फाशाला चार पडले. होळाईच्या हातांतून ज्वाळा निघाल्या आणि पुढची रांग वितळली. दुसऱ्याला तीन. आग सातावर गेली. तोवर प्रियदर्शिनीचे बाण संपले होते आणि विकीचा पहिलवान रक्ताने माखून गुडघ्यावर आला होता. वैद्यबाई असती तर धावली असती, हे सगळ्यांच्याच मनात आलं.

सिद्धांतने तिला विचारलं, आता थांबतेस की चढवतेस? थांबली तर पळून जाण्यापुरती वाट मोकळी होत होती. चढवली तर तीनपर्यंत ठीक, त्यापुढे काय होईल ते आगच जाणे. तृप्तीने विकीकडे पाहिलं.

“टाक,” तो म्हणाला. “मेलो तर मेलो.”

फासा टेबलावर गरगरला, चहाच्या कपाला धडकला आणि थांबला. सहा.

सिद्धांत पान काढून वाचायला लागला आणि वाचता वाचता उभाच राहिला. आग खिंडीच्या दोन्ही कड्यांवर चढली होती. राक्षस गेला, बर्फाचा दरवाजा गेला, सैन्याचे तंबू गेले. त्यांची स्वतःची खेचरंही शिधा आणि नकाशा घेऊन उधळली. प्रियदर्शिनीच्या तिरंदाजाची वेणी जळाली. ते ऐकून कोर्टात आवाज न चढवणारी प्रियदर्शिनी खुर्चीवर चढून इतकी हसली, की खालच्या मजल्यावरच्या रत्नाबाई काय झालं ते बघायला आल्या. सिद्धांतने त्यांना खिंड जळाल्याचं सांगितलं. त्या सगळ्यांकडे एकेक करून बघून परत गेल्या.

जिंकले खरे, पण हाल सुरू झाले. पहिलवानाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागला. खायला काही नव्हतं, वाट माहीत नव्हती, आणि विकी झोळीतून एकसारखा कण्हत होता. इतकी मजा पूल कोसळण्याआधी कधी आली नव्हती, असं तोच मधे म्हणाला.

शेवटी पायथ्याशी एक गाव लागलं. होळाईच्या केसांतून अजून धूर निघत होता. सिद्धांतने आवाज खाली आणून सांगितलं, की तिला लांबूनच बघून गावाने दारं लावून घेतली. वैद्यबाईला बघून लोक दारं उघडायचे. तृप्तीच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला जरा उशिराच सुचलं.

पाटलाच्या दारामागून सिद्धांतने विचारलं, कोण आहे?

तृप्ती उठून उभी राहिली. टेबलावर हात टेकून, आपल्या घरच्या बोलीत, चढ्या आवाजात म्हणाली, “होळाई हाय मी. खिंड मीच जाळली. आमचा मानूस जखमी हाय. दार उघडा.”

तिने फाशाकडे हात नेला, तर सिद्धांतने तो उचलून आपल्या मुठीत घेतला.

“याला फासा नको,” तो म्हणाला. “कडी निघाली.”