वैद्यबाबाचा कोरा शेला

आम्ही वडगावचे विणकर. आमच्यात नवसाच्या शेल्याला देवावर घालण्याआधी पाणी लावत नाहीत. धुतला की तो वापरलेला झाला, देवाला उष्टा दिल्यासारखाच. या कोऱ्या शेल्यापायी मी एकदा सगळ्या गल्लीच्या जिवावर उठलो होतो.

प्लेगचं दुसरं वर्ष होतं. आषाढात माझी बायको सत्यवती, आमची सतू, तापली. त्याआधी दोनच दिवस मागाच्या खड्ड्यात, विणताना पाय सोडतो तिथंच, मला मेलेला उंदीर सापडला होता. तो मी गुपचूप परड्यात पुरला. मग सतूच्या काखेत गाठ आली. गाठ कळली की सरकारी गाडी माणसाला माळावरच्या छावणीत नेई, आणि तिथून परत आलेलं माणूस आमच्या गल्लीनं पाहिलं नव्हतं. म्हणून मी तिला घरात दडवली.

सतूच म्हणाली, "वैद्यबाबाला शेल्याचा नवस बोला. मी बरी हुते."

वैद्यबाबा म्हणजे किरिस्तावांचा संत पांतालियांव. गल्लीच्या टोकाला गोव्याकडचा इनास कंपौंडर राहायचा. त्याच्या पडवीत बाबाची लाकडी मूर्ती होती, हातात औषधाची डबी घेतलेली. इनास गोरगरिबांना फुकट औषध द्यायचा, त्यामुळं आम्हीही बाबाला हात जोडायचो. जुलैत बाबाचा सण. त्या दिवशी मूर्तीला नवा शेला घालायचा आणि त्याचा पदर एकेकानं ओठांना लावायचा.

इनासला सतू दाखवावी, तर त्याला सरकारात कळवणं भाग. आणि तो एकच गोष्ट घसा फोडून सांगायचा. उंदीर मरून पडलेल्या घरातलं फडकंसुद्धा उकळल्याशिवाय बाहेर काढू नका. मी ऐकलं होतं, बहिरा नव्हतो. पण नवसाचा शेला उकळतो कोण? सतू तापात धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती आणि मी त्याच खड्ड्यात पाय सोडून विणत होतो.

सणाच्या सकाळी पडवी भरली. शेला बाबाच्या खांद्यावर चढला. लाल काठ झकास दिसत होता. लोकांनी माझी पाठ थोपटली.

मग इनासनं दरवर्षीची कथा लावली. बाबा बादशहाच्या दरबारचा वैद्य. गरिबांना फुकट बरं करायचा म्हणून बाकीचे वैद्य जळले, त्यांनी चुगली केली. बादशहानं बोलावून विचारलं, तू किरिस्ताव आहेस का? नाही म्हटलं असतं तर जीव वाचत होता.

"बाबा व्हय म्हणाला," इनास म्हणाला. "मग त्याला झाडाला बांधून मारलं."

दरवर्षी हे ऐकताना मी मनात म्हणायचो, शहाण्या, नाही म्हणायला तुझं काय जात होतं? त्या दिवशी मात्र मला इनासचाच राग आला. ही कथा संपवत का नाही हा! आणि संपू नये असंही वाटत होतं, कारण संपली की पदराची वेळ.

संपलीच. ओळीत पहिली शेजारची बायाक्का, कडेवर वर्षाची नात. पोरीनं लाल काठ बघितला आणि तोंड उघडून दोन्ही हात पुढं केले.

"बायाक्का, थांब!" मी ओरडलो.

"का रं केदारी?"

"माझ्या मागाखाली उंदीर पडलाय. सतूच्या काखेत गाठ हाय."

मग लोक असे मागं सरले, की पायरीवरून दोघं खाली पडले. कुणीतरी मला आईवरून शिवी घातली. घातली ते बरंच केलं. इनासनं चिमट्यानं शेला उतरवला, अंगणात रॉकेल ओतून जाळला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गाडी बोलवावी लागंल, केदारी."

"बोलवा."

दुपारी गाडी आली. वर चढवताना सतूनं माझा हात धरला. तिचा हात नुसता भाजत होता.

"अवो, शेला घातला न्हवं बाबाला?"

सकाळी चारचौघांत खरं बोललो होतो. तिच्यापुढं मात्र शेला जाळल्याचं सांगवेना.

"घातला की. लई शोभला."

"मग मी येतेच बघा बरी हुऊन," ती म्हणाली आणि हसली.

चौथ्या दिवशी ती गेली. शेला बाबाच्या खांद्यावर आहे, या भरवशावर गेली.