किल्ल्यासाठी खणलेला किल्ला

मी एक जुना मातीचा तट आहे, मित्रांनो. दगडाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही बुरूज शोधत बसाल आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावाजवळच्या ओकच्या रानात मी गोल पसरलोय. या देशात लोखंड नवं होतं, तेव्हा माणसांनी खंदक खणला आणि निघालेली माती टोपल्यांनी आणून मला रचलं. बायका पाठीला पोर बांधून माती तुडवायच्या. माझ्या आत गुरं होती, चुली होत्या, रडणारी बाळं होती. माझ्या भरवशावर सगळे निर्धास्त झोपायचे.

मग ते गेले. माझ्यावर झाडं उगवली, पावसाने मला बुटकं केलं. कौन्सिलने एक पाटी लावली, तीही आयव्हीच्या वेलीने गिळली. कुत्री फिरवणाऱ्यांना मी म्हणजे नुसता एक चढ.

दोन हजार सहा सालची दिवाळी तोंडावर आली होती. शाल्मली आपल्या छोट्या मायराला घेऊन आली. हातात खुरपं आणि पिशव्या. मायराला पहिल्यांदाच दिवाळीचा किल्ला करायचा होता. रविवारी तो बघायला तिने शाळेतल्या मैत्रिणींना बोलावलंही होतं. मावळे पुण्याहून आले होते, पण घरामागे सगळी फरशी. माती आणायची कुठून?

“बाबा म्हणाला, कंपोस्ट घे.”

“बाबाला म्हणावं, कंपोस्टचा बुरूज उभा करून दाखव! ही बघ, अशी चिकणमाती लागते. भर पटकन.”

खुरपं माझ्या कुशीत शिरलं. दुखलं नाही, लाज वाटली. तिला मी मातीचा ढिगारा वाटलो. पण तिचं तरी काय चुकलं? दिसत होतो तसाच.

तेवढ्यात कुत्र्याला घेऊन एक म्हातारी बाई आली. “माय डिअर, यू आर डिगिंग द फोर्ट.”

शाल्मली हसली. “नो, नो! मेकिंग. वी आर मेकिंग अ फोर्ट. फॉर दिवाळी.”

“येस डिअर. आउट ऑफ दॅट वन.” बाईंनी काठीने माझी अख्खी गोलाई दाखवली आणि वेल सारून पाटी उघडी केली.

शाल्मलीने वाचलं. तिचे कान लालबुंद झाले. पिशवी तिने पाठीमागे लपवली, जणू तीच लहान मुलगी. बाई रागावल्या नाहीत, नुसत्या निघून गेल्या. त्याने तर ती आणखीच ओशाळली.

“आई, तो लेडी चिडली?”

“ती लेडी. नाही गं. आपणच चुकलो. हा खराच किल्ला आहे.”

“हा? पण हा तर मातीचं आहे! माझ्या किल्ल्यासारखं!”

“हो. अगदी तुझ्यासारखाच, मातीचा.”

मायराने पिशवीकडे बघितलं. “मग माझा किल्ला?”

शाल्मलीने पिशवी पुढे आणून खाली ठेवली. मायराचा ओठ थरथरला. मग तिने स्वतःच पिशवी उलटी केली. दोघींनी माती माझ्या जखमेत भरली, थोपटली. किती काळाने कुणी माझ्यावर माती घातली, मित्रांनो! बाकी सगळ्यांनी नुसती झिजवलीच होती.

रविवारी मैत्रिणी आल्या, त्या घरी नाही, माझ्याकडे. मायराने माझ्या माथ्यावर मावळे उभे केले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, “धिस इज माय फोर्ट. ओन्ली धिस बिट आय मेड.” ओंजळभर जागेवर तिने बोट ठेवलं होतं.

माझ्यावर चढा, बसा, हवं तर लोळाही. फक्त मला उचलून नेऊ नका. त्या रविवारी निघताना मुलींनी मावळे गोळा केले, पण एक पानांत राहून गेला. रंग उडालाय त्याचा. तो अजून पहारा देतोय, आणि तो आहे तोवर ‘मी मातीचा आहे’ हे सांगताना मला पूर्वीइतकी लाज वाटत नाही.