उलट्या तोंडाची मोटार

मी एक सागवानी मोटार बोलतेय. हसू नका! वीतभर लांबी, पेट्रोलचा थेंब कधी चाखलेला नाही, पण तोरा आगगाडीचा.

मला कोरलं धर्मपालनं. साल १९६६. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकताना त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, उन्हावर चालणारी मोटार. त्याच्या प्रोफेसरांकडे उन्हातून वीज काढणाऱ्या परदेशी चकत्या होत्या. ते म्हणाले, "यांची वीज चिमूटभर. वाऱ्याशी झुंजण्यातच संपेल. रविवारी मी अकोल्याला येतोय. वारा अडवणार नाही असा आकार दाखव, चकत्या तुझ्या. नाहीतर रेडिओवाल्या पोरांना देतो."

धर्मपाल मला घेऊन अकोल्याला घरी आला. त्याची आई सुंदराबाई कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. काम सुटल्यावर तिथला मोठा पंखा आम्हाला मिळाला. धर्मपालनं माझ्या अंगभर सुताचे धागे चिकटवले. वारा सुरळीत गेला तर धागे अंगालगत निजणार, अडखळला तर नाचणार. माझं नाक टोकदार आणि मागची बाजू गोलगरगरीत, म्हणजे काय ऐट विचारू नका! पंखा सुरू झाला आणि मागचे धागे असे थयथय नाचले की मला गुदगुल्याच झाल्या. त्यानं नाक आणखी तासलं. नाच काही थांबेना. शनिवार मावळायला आला आणि पोरगं रडकुंडीला आलं.

"तू भाकर खाय पयले," सुंदराबाई म्हणाली. "तिले माह्यापाशी दे."

तिनं मला पंख्यासमोर ठेवलं, तेही पाठमोरं!

"माय, उलटी ठेवली तू!"

"मंग? वाऱ्याकडं तोंड करून कोनी उभं रायते काय? डोयात भुसा जाईन ना तिच्या!"

जिनात लागण्याआधी वर्षानुवर्षं खळ्यावर वाऱ्याला पाठ देऊन धान्य उफणलेली बाई ती. धर्मपालला हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यानं पंखा सुरू केला. माझे सगळे धागे गपगार निजले. गोल बाजू पुढे, टोक मागे! धर्मपाल घास हातात घेऊनच उड्या मारू लागला.

"काहून नाचून राहिला रे?"

"माय, आता हेच तिचं तोंड!"

रविवारी प्रोफेसरांनी धागे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि खिशातून चकत्या काढल्या. धर्मपालनं माझ्या पोटात खेळण्यातलं विजेचं यंत्र बसवलं, चकत्या पाठीवर लावल्या आणि मला जिनाच्या अंगणात ठेवलं. अकोल्याचं ऊन! लोक त्याला शिव्या देतात, मी घटाघटा प्याले आणि सुटले. माझ्यामागे धर्मपाल, त्याच्यामागे प्रोफेसर, आणि सुंदराबाई ओरडतेय, "धरा तिले, कापसात घुसून राहिली ते!" घुसलेच मी. आयुष्यातला सगळ्यात मऊ अपघात.

आता मी त्याच चकत्या पाठीवर घेऊन कॉलेजच्या काचेच्या कपाटात असते. झाडणारा मला टोक पुढे करून ठेवतो, त्याचा मला राग नाही. पण इथं ऊन येत नाही हो! बाहेर व्हरांड्यात नुसतं सांडलेलं दिसतं. कुणीतरी काच उघडा, मला तिथं नेऊन ठेवा. आणि ठेवलंत की चटकन बाजूला व्हा.