भिंतीवरचा चंडोल

मित्रांनो, मी धान्याचे एक जुने, उंच लाकडी कोठार आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट मुलखात, वेर्बोव्का या लहानशा गावाच्या टोकाला मी उभे आहे. आडव्या फळ्या एकीवर एक ठोकून मला बांधले. खिळे इतके लागले की सुतार म्हणत, "हे जळालं तरी खिळ्यांचं कोठार उरेल!"

समोर रेल्वे स्टेशन होते, मागे घुमटाचे चर्च, पलीकडे एका खोलीची शाळा. सुगीत गव्हाच्या ट्रकांची रांग चर्चपर्यंत जाई.

ओस्ताप माझा कारभारी. शेतकऱ्याचा ट्रक वजनकाट्यावर चढला की तो आधी ट्रकमध्ये डोकावे.

"हरासिम, बायकोला खाली उतरव. मी गहू घेतो, बायका नाही."

"घेऊन तर बघ! दोन दिवसांत परत आणून देशील."

"आणि हाच मला न्यायला रडत येईल," हरासिमची बायको आतून म्हणे.

पावतीवरचे आकडे सोडले तर ओस्ताप काही लिहीत नसे. लिहिणे त्याच्या बायकोचे, पारास्काचे. दुपारी ती त्याचे जेवण घेऊन येई आणि माझ्या कचेरीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिही. पहिला बर्फ कधी पडला, कोण वारले, कोणाला मूल झाले. दर वसंतात पिवळ्या छातीचा चंडोल पहिल्यांदा गायला, तो दिवसही लिही.

"ऐकलास का रे?"

"मला कुठे ऐकू येतंय?"

"तुझ्या कानांत भुसा! थांब, मीच लिहिते."

पुढे रूळ उखडले. स्टेशन पाडले, शाळा बंद झाली. माझ्यात कबुतरे राहू लागली. तरी दर वसंतात पारास्का येऊन चंडोलाची तारीख लिहून जाई. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

यंदा गावाने मला वाचवायचे ठरवले. मला फार आनंद झाला. बाहेरून तांबडा रंग झाला, आणि एके सकाळी गावातली तरुण ओरिसिया पांढऱ्या रंगाची बादली घेऊन कचेरीत आली. मागोमाग काठी टेकत ओस्ताप आला.

"पोरी, ही भिंत राहू दे."

"अहो काका, लोक बघायला येणार. नुसत्या रेघोट्या आहेत इथे."

"वाच तरी."

ती मोठ्याने वाचू लागली. "'आज ओस्तापने सूप केलं. मीठ दोनदा घातलं. मी खाल्लं.'" तिला हसू आले. वाचत वाचत ती खाली आली. "'चार एप्रिल. चंडोल आला.'" त्याखाली भिंत कोरी होती.

ओरिसियाने बादलीला झाकण लावले. "यंदा नाही आला?"

"आला ना. दहा तारखेला. कुंपणाच्या खांबावर बसला होता. मी ऐकला."

"मग लिहा की."

"ते तिचं काम."

ओरिसियाने पेन्सिल पुढे केली. ओस्तापने ती घेतली. मग पावतीवर लिही तसा ठळक दहाचा आकडा काढला, आणि शेजारी एक पक्षी.

"काका, ही तर कोंबडी झाली!"

"तीही हेच म्हणाली असती," ओस्ताप म्हणाला.

मित्रांनो, जुन्या घरांना रंग जरूर द्या. आम्हांला तो हवाच असतो. पण कुंचला बुडवण्याआधी भिंत एकदा वाचा. ती कोंबडी अजून माझ्या भिंतीवर आहे. येणारे जाणारे तिला हसतात. हसू देत.