टपातली काच

आमच्या अंगणात एक जीप उभी आहे. चारही चाकांनी ओढणारी, चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे राबून म्हातारी झालेली. तेजूच्या बाबांनी ती घरी आणली तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जे बोलले ते शेजारच्या शकुंतलाबाईंना खिडकी लावूनही ऐकू गेलं.

"लद्दाखले जाऊ," एवढंच त्यांचं उत्तर. "तेजूले बर्फ दाखवू."

तेजू म्हणजे तेजस्विनी, आमची एकुलती एक. एकोणीस वर्षांची आहे आणि तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात या आजाराचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत, तरी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं आतून अशी ठणकतात की पोरगी ओरडतसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. थंडी लागली, पाणी कमी प्यायली, जरा दमली, की झालंच. शाळेच्या एकाही सहलीला ती गेली नाही. दवाखान्याच्या खाटेवर मात्र मोबाइलवर बर्फ बघायची. दिवसभर बर्फ.

आमचे हे वरठीच्या कारखान्यात वेल्डर. वेल्डर माणसाची एक समजूत असते. जे तुटलं ते जोडता येतं, आणि जे कमी पडलं ते वरून लावता येतं. चोवीस वर्षं लोखंड जोडून माणूस याच्यापलीकडे बघेल तरी कसा?

मग दर रविवारी तुमसरहून धनीराम मिस्त्री यायचा आणि दोघं जीपखाली शिरायचे. जाड नक्षीचे टायर आले. चिखलात रुतलं तर ओढून काढायला पुढं दोराचं चाक आलं. नदीत उतरलं तर इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेचा नळ पार टपापर्यंत चढवला. मागं पलंग, पलंगाखाली पाण्याची टाकी, टाकीभोवती थर्माकोल, आणि झोपायच्या जागी हीटर. मागचं दार उघडलं की शेगडी आणि मसाल्याच्या डब्यांसकट आख्खा ओटा खणासारखा बाहेर यायचा. माझ्या खऱ्या ओट्याची फरशी कधीची हलते आहे. तिकडं बघायला कोणाला सवड! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती जीप.

शेवटी त्यांनी पलंगाच्या बरोबर वर टप कापला आणि तिथं काच बसवली.

"भाऊ, चांगला टप काहून कापून राहिले?" धनीराम हळहळला.

"तेजूले बाहेर थंडी लागन," हे म्हणाले. "झोपल्या झोपल्या बर्फ पडताना पाहीन ते."

काचेवर त्यांनी पाण्याचा पाइप सोडून बघितला. थेंब आत आला नाही. तेजू पलंगावर पडून खालून टाळ्या वाजवत होती, आणि मी शिव्या द्यायला बाहेर आलेली, तशीच परत फिरले.

एक गोष्ट मात्र यांनी केली नव्हती. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. मुद्दामच नव्हतं विचारलं. शेवटी नागपूरच्या तपासणीला मीच तोंड उघडलं.

डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लद्दाख? तिथं हवाच विरळ असते. त्यात थंडी. वाटेत त्रास सुरू झाला तर दवाखाना किती लांब? नाही, अजिबात नाही."

हे मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवायला लागले. "मॅडम, थंडीचं केलं मी, हा पाहा हीटर. पाण्याचंबी केलं. आता हवेचं काय करा लागन तेवढं सांगा."

"संजीवजी, हे गाडीचं काम नाही. हे तिचं रक्त आहे."

तेजू मान खाली घालून नखं बघत होती. आमच्या लग्नात छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. माझ्या आजीनं गावभर पेढे वाटले होते. दोघांचं रक्त मात्र कोणी तपासलं नाही. हा दोष दोघांतही लपलेला, आणि ते जुळलं ते असं.

दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. यांनी पुढच्या रविवारी पलंगाच्या कडेला ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी लोखंडी कडी जोडायला घेतली.

"अवो, मॅडम नाई म्हणाल्या! ऐकू नाई आलं काय तुम्हाले?"

"हवेचं म्हणाल्या ना? एका सिलिंडरनं नाई पुरन. दोन लावतो."

"असं नाई म्हणाल्या त्या!"

त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढून घेतला. त्याच्याआड माणूस रडला तरी कळत नाही.

तेजूनंच मार्ग काढला. "आई, भांडू नको न. आपण चांदपूरले जाऊ. एकच रात. तेवढं तर चालन."

डिसेंबरात गेलो. चांदपूरच्या तलावाजवळ मोकळ्या जागेत गाडी लावली. ओटा बाहेर ओढून मी भात आणि वांग्याची भाजी केली. यांनी गाडीच्या कडेला गुंडाळून बसवलेला चंदेरी कापडाचा मांडव उलगडला. तेजू पलंगावर पडून काचेतून सागाची पानं बघत होती आणि सारखी बाबांना हाका मारत होती. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी फार सुखात होते. मला वाटलं, हा वेडा माणूस खरंच नेईल हिला.

सकाळी तलावावर धुकं उतरलं. तलावाची पाळ दिसेना, पाणी दिसेना, सगळं पांढरं. तेजू उठली आणि दवानं भिजलेल्या गवतातून अनवाणी चालत सुटली.

"मोजे घाल वो!" मी ओरडले.

"पाच मिनिटं, आई! बाबा, पाहा न, बर्फच पडलं समजा!"

हे चहाचा कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. इतकं हसताना मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. मीही मग मोजे घेऊन मागं धावले नाही.

दुपारी तिची मांडी दुखायला लागली, मग कंबर. ती गाडीच्या भिंतीकडे तोंड करून पडली, तेव्हाच आम्हाला कळलं.

आम्ही तिथूनच नागपूरकडे निघालो. वाटेत वरठी आली, आमचं घर मागं पडलं, आणि पुढं गुळगुळीत डांबरी रस्ता. नदी आडवी आली नाही, चिखल आला नाही. पण बाकीचं सगळं कामाला आलं. पलंग हलला नाही. टाकीचं पाणी कोमट होतं, मी तिला घोट घोट पाजत होते. हीटरही नीट चालला. या माणसानं केलेली एकही गोष्ट त्या दिवशी बिघडली नाही.

"तेजू, काय दिसते वो वरून?" त्यांनी पुढून विचारलं.

ती म्हणाली, "खांब, बाबा. नुसते खांब."

बावीस दिवस ती नागपूरच्या दवाखान्यात होती. खुब्याचं हाड आतून मेलं आहे, असं मॅडमनी एक्स-रेचा फोटो दाखवून सांगितलं. रक्तच पोचलं नाही तिथं. हे त्या फोटोकडे बघत होते. सवयीनं विचारतील, आता काय लावायचं, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

आता तेजू कुबडी घेऊन घरात फिरते. जीपची पायरी तिला चढवत नाही. मोबाइलवर बर्फ बघत नाही, मालिका बघते.

परवाच्या रविवारी जेवायला हाक मारली तर हे कुठंच नव्हते. बघते तर जीपमध्ये, तेजूच्या पलंगावर उताणे पडलेले, डोळे वर. उन्हापावसात गाडी खराब होऊ नये म्हणून दवाखान्यातून आल्यावर त्यांनी अंगणात तिच्यावर पत्र्याचं छत टाकलं होतं. काचेतून तेच दिसत होतं.

"असे काहून पडले?"

"रीता," ते म्हणाले, "इथून पत्राच दिसते ना."

माझा राग उसळून आला. कोणावर, ते मलाही सांगता येणार नाही. "मग काढा तो पत्रा! हत्यारं पडले हायेत ना घरात?"

ते तसेच पडून राहिले.

"कायले?" ते म्हणाले.

लग्नाला बावीस वर्षं झाली. करण्यासारखं काम समोर असताना या माणसाचा हात उठला नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.